डोंगरी सोंड्यांचे जातिवर्णन : एका गद्यप्रकाराची चिकित्सा

१

प्राण्याच्या नव्या जातीचे वर्णन हा गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, ही गोष्ट भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकांच्या ध्यानात सहसा येत नाही. या प्रकाराला ठरलेली अंगे आहेत, संकेत आहेत, दोनशे साठांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि बरेवाईट ठरविण्याची कसोटीही आहे. शिवाय त्याच्या ठिकाणी एक शक्ती आहे, जी इतर गद्यात क्वचितच आढळते. योग्य रीतीने प्रसिद्ध झालेल्या वर्णनाबरोबर एक नाम अस्तित्वात येते, आणि पुढे शतकानुशतके जगातील सर्व अभ्यासकांना त्या नामाची दखल घ्यावी लागते. असे असता या गद्याची भाषिक चिकित्सा मराठीत जवळजवळ झालेलीच नाही.

ही चिकित्सा सोंड्यांच्या वर्णनांवरून करणे सोयीचे आहे. सोंड्यांचे कुल प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून त्यात पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. जाती इतक्या दाट झाल्या, की दोन जातींमधील अंतर अत्यंत सूक्ष्म होते, आणि ते शब्दांत पकडण्याचे काम तितकेच अवघड होते. डोंगरी सोंड्यांच्या बाबतीत तर ही अडचण पराकोटीला जाते. त्यांच्यापैकी पुष्कळांना उडता येत नाही. एका शिखरावरचा कीटक पलीकडच्या शिखरावर पोचत नाही. त्यामुळे प्रत्येक डोंगर त्यांच्या दृष्टीने एक बेटच ठरतो आणि शेजारशेजारच्या डोंगरांवर एकमेकींसारख्या दिसणाऱ्या परंतु वेगळ्या जाती निर्माण होतात.

हा विषय मराठीत आणण्यास एक प्रत्यक्ष कारण आहे. आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत एक शिफारस आहे. नव्या जातीचे व्यावर्तक लक्षण प्राणिशास्त्रात सर्वत्र चालणाऱ्या भाषांत द्यावे. त्याखेरीज ती जाती ज्या प्रदेशाशी संबंधित आहे, त्या प्रदेशातील भाषांतही द्यावे, असा तिचा आशय आहे. हा नियम नाही, केवळ शिफारस आहे; म्हणून ती बहुधा पाळली जात नाही. तिचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील एखादा सोंड्या नवा ठरला, तर त्याचे लक्षण मराठीतही असावे, असे संहितेलाच वाटते. मराठी गद्य या कामाला समर्थ आहे काय, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो.

२

या गद्याची कसोटी कोणती? तिच्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लक्षण म्हणजे असाधारण धर्म, ही न्यायशास्त्राची व्याख्या या ठिकाणी जशीच्या तशी लागू पडते. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरील आपल्या दीपिकेत लक्षणाचे तीन दोष गाईच्या उदाहरणाने समजावून दिले आहेत. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी हे मात्र तिचे निर्दोष लक्षण होय.

आता ‘सोंड असलेला तो सोंड्या’ हे लोकव्यवहारातील लक्षण तपासावे. ही सोंड म्हणजे पुढे लांबलेले डोकेच असते. तिच्या टोकाला कुरतडण्याचे जबडे असतात आणि कोपरासारख्या वाकलेल्या शृंगिका बहुधा तिच्यावरच बसविलेल्या असतात. परंतु या कुलातील मायलोसेरससारख्या कित्येक वंशांची सोंड इतकी आखूड असते, की नुसत्या डोळ्यांना ती सोंड वाटतही नाही. म्हणजे अव्याप्ती झाली. उलट, ‘आंब्यात राहतो तो अमुक सोंड्या’ असे लक्षण केले, तर त्यात एकाहून अधिक जाती शिरतात. म्हणजे अतिव्याप्ती झाली. रंगावर विसंबावे तर अंगावरचे खवले झडून जुना कीटक निराळाच दिसू लागतो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण परिचित आहे. ‘जग’ हे नाम आणि ‘जग’ हे आज्ञार्थी क्रियापद लिहिताना एकच दिसतात. पहिल्यातील ज तालव्य आहे आणि दुसऱ्यातील दंततालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. परंतु अर्थभेद त्यावरच उभा आहे. ध्वनीचे सर्व गुण सांगत बसण्यापेक्षा तो कोणत्या ध्वनीपासून कोणत्या एका गुणाने वेगळा आहे, हे सांगणे वर्णविचारात महत्त्वाचे मानले जाते. जातिवर्णनातही नेमके हेच घडते.

धान्यातील सोंड्यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तांदळातल्या सोंड्याला लिनीअसने १७६३ मध्ये नाम दिले. तो आज सायटोफिलस ओरायझी म्हणून ओळखला जातो. त्याच्याच सारखा दुसरा सोंड्या, सायटोफिलस झीमेस, मोचुल्स्की याने १८५५ मध्ये वर्णिला. दोघांच्या पाठीवर चार तांबूस डाग, दोघांचे खाद्य तेच, आकारातील फरक बेभरवशाचा. त्यामुळे या एकाच जातीच्या लहान व मोठ्या अशा दोन परी होत, असे अभ्यासक दीर्घकाळ मानीत आले. १९६१ मध्ये कूशेल याने या नामांचा गुंता सोडविला, तेव्हा निर्णायक ठरला तो नराच्या जननेंद्रियाच्या वरच्या पृष्ठभागाचा भेद. एकाचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे, दुसऱ्याच्या पृष्ठभागावर दोन लांब खोबणी आहेत. जग आणि जग यांतला भेद जसा कानालाच कळतो, तसा हा भेद सूक्ष्मदर्शकालाच दिसतो.

३

ही कसोटी हाती घेऊन सोंड्यांच्या वर्णनाच्या तीन कालखंडांतील तीन पद्धती तपासता येतात.

पहिली पद्धती फॅब्रिशियसची. लिनीअसचा हा शिष्य १७४५ मध्ये जन्मला आणि १८०८ मध्ये वारला. आंब्याच्या कोयीत राहणाऱ्या सोंड्याला त्याने १७७५ मध्ये कर्क्युलिओ मॅंजिफेरी असे नाम दिले. लॅटिनमधील एक आटोपशीर लक्षण, त्यानंतर वसतिस्थान आणि फार तर काही ओळींचे वर्णन, असा त्याचा सर्वसाधारण साचा आहे. आजचा वाचक त्याला अपुरा म्हणेल. परंतु ही टीका न्याय्य नाही. फॅब्रिशियससमोर ज्या मोजक्या जाती होत्या, त्यांतून ही जाती वेगळी काढण्यास ते शब्द पुरेसे होते. पुढे शेजारी वाढले आणि तेच लक्षण अतिव्याप्त झाले. लक्षणाचा दोष लक्षणात नेहमीच असतो असे नाही. पुष्कळदा तो नंतर सापडलेल्या शेजाऱ्यामुळे उत्पन्न होतो. गाईचे लक्षण एकदा साधले की ते साधले, असे नैयायिकाला गृहीत धरता आले. कीटकशास्त्रज्ञाला ही निश्चिंती नाही.

यास्तव संहितेने नाम शब्दांना न बांधता एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधले. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. वर्णन चुकले, अपुरे पडले, तरी नाम त्या टाचणीवरच्या कीटकाशी जोडलेले राहते. हा भाषेचा पराभव आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः त्यामुळे वर्णनाला सुधारण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

दुसरी पद्धती गाय मार्शलची. अमृतसर येथे १८७१ मध्ये जन्मलेल्या या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील प्रसिद्ध ग्रंथमालेत सोंड्यांवरचा खंड १९१६ मध्ये लिहिला. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेची स्थापनाही त्याच वर्षीची. मार्शलचे वर्णन डोक्यापासून पायापर्यंत ठरलेल्या क्रमाने जाते. रंग, सोंड, शृंगिका, डोक्यामागील कवच, पाठीवरचे कठीण पंख, पाय, लांबी, स्थळ; काहीही सुटत नाही. शिस्तीच्या दृष्टीने हे गद्य आदर्श आहे. तथापि सर्व अवयवांना समान वजन दिल्यामुळे कोणते वाक्य भेदक आणि कोणते केवळ पूर्ततेसाठी, हे वर्णन वाचून कळत नाही. ती उणीव त्याची ओळखतालिका भरून काढते. दोन पर्याय समोर ठेवावयाचे, एक निवडावयाचा, पुढल्या जोडीकडे जावयाचे, अशी तिची रचना आहे. मार्शलच्या ग्रंथातील खरे लक्षणवाङ्मय या तालिकांत आहे. वर्णने ही त्यांची साक्ष आहे.

तिसरी पद्धती अगदी अलीकडची आणि खऱ्या अर्थाने डोंगरी सोंड्यांची. ट्रिगोनोप्टेरस या वंशातील सोंड्ये काही मिलिमीटर लांबीचे, न उडणारे, आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या जंगलांत राहणारे. अलेक्झांडर रीडेल आणि त्याचे सहकारी यांनी २०१३ मध्ये न्यू गिनीतील १०१ नव्या जाती एकाच निबंधात प्रसिद्ध केल्या. २०१९ मध्ये रीडेल व नाराकुसुमो यांनी सुलावेसी बेटावरील १०३ जातींची भर घातली. मार्शलच्या संथ पद्धतीने हे काम एका आयुष्यात पुरे होणार नाही आणि तोवर जंगले उरणार नाहीत, ही त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी वर्णन आखडून घेतले आणि उत्तम छायाचित्रे व जनुकीय अनुक्रम यांवर भार टाकला.

या भूमिकेतील तळमळ आदरणीय आहे आणि तिचे फळही डोळ्यांसमोर आहे. परंतु गद्य म्हणून या वर्णनांकडे पाहिले असता एक आक्षेप नोंदवावा लागतो. त्यांत लक्षण आणि वर्णन हे दोन्ही एकाच ‘लक्षणात्मक वर्णना’त मिसळून टाकले आहेत. परिच्छेदाच्या आरंभी लांबी व रंग, मग सोंड, मग कवच, असा क्रम चालू राहतो. शेजारच्या डोंगरावरील भगिनी-जातीपासून हा कीटक नेमका कशाने वेगळा, हे वाचकाने छायाचित्रे शेजारी ठेवून शोधावयाचे. छायाचित्र सर्व काही दाखविते, पण कोठे पाहावे ते सांगत नाही. निवड करणे हे वाक्याचे काम आहे. म्हणूनच संहितेने १९३० नंतरच्या नामांसाठी भेद दाखविणारी लक्षणे ‘शब्दांत’ सांगितलेली असावीत, अशी अट घातली आहे. छायाचित्रांच्या व जनुकांच्या युगातही ही अट टिकून आहे, यात भाषेच्या अभ्यासकाने समाधान मानावे असे पुष्कळ आहे.

४

वर्णनाबरोबर नामाचाही विचार करावयास हवा. कारण सामान्य वाचकाचे लक्ष प्रथम तिकडेच जाते. न्यू गिनीच्या त्या १०१ जातींपैकी काहींसाठी रीडेलने पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन निर्देशिकेतील आडनावे घेतली. सुलावेसीच्या सोंड्यांना अ‍ॅस्टेरिक्स, ओबेलिक्स, योडा अशी चित्रकथांतील व चित्रपटांतील नामे लाभली. काही जणांना हा थिल्लरपणा वाटला. त्यांचा रोष समजण्यासारखा असला, तरी त्यामागचे गृहीत चुकीचे आहे. नामाने वर्णन केलेच पाहिजे, असे ते गृहीत धरतात.

आपल्या परंपरेने शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ‘पंकज’ शब्दाचा अवयवार्थ चिखलात जन्मलेले असा असला, तरी त्यावरून बेडकाचा बोध होत नाही. शास्त्रीय नाम हे आरंभी यौगिक दिसले तरी व्यवहारात रूढ असते. फॅब्रिशियसने १७८७ मध्ये नामकरण केलेल्या एका सोंड्याची अळी आंब्याच्या गरात वाढते, हे आता माहीत आहे. उष्ण प्रदेशातील या कीटकाचे जातिनाम फ्रिजिडस, म्हणजे ‘थंड’, असे आहे. ते बदलण्याची सोय नाही; नाम अन्वर्थक नाही एवढ्या कारणाने ते अग्राह्य ठरत नाही, असे संहितेचे अठरावे कलम सांगते. खुद्द कर्क्युलिओ हा शब्द लॅटिनमध्ये धान्यातल्या किड्याचा वाचक होता. प्लॉटस या रोमन नाटककाराने आपल्या एका सुखात्मिकेतील परान्नपुष्ट पात्राला तेच नाव दिले. नाम अवयवार्थाच्या आधारावाचून आपले काम चोख बजावते. अंजनवेल या ग्रामनामाचेही तसेच आहे. ‘अंजन’ आणि ‘वेल’ यांचा विग्रह कोणी कसाही करो, टपाल अंजनवेललाच पोचते.

वर्णन करण्याची सर्व जबाबदारी अर्थातच लक्षणावर येते. नाम कोणतेही चालेल; लक्षण मात्र कोणतेही चालणार नाही.

५

या पार्श्वभूमीवर मराठीची स्थिती पाहता येते. मराठीत कीटकांच्या नामांचे दारिद्र्य नाही. धान्यात सोंडे होतात, टोके पडतात, पोरकिडे लागतात. माडाला सोंड्या भुंगा आणि गेंड्या भुंगा हे दोन वेगळे शत्रू आहेत, हे बागायतदार जाणतो. त्यांपैकी पहिला सोंड्यांच्या कुलातला आणि दुसरा नव्हे. ही नामे आकारावरून किंवा उपद्रवावरून पडलेली आहेत. त्यांत निरीक्षण आहे, परंतु दोन निकटच्या जातींमधील भेद सांगण्याची गरज या नामांना कधी पडली नाही.

ती गरज आता पडली आहे, आणि ती केवळ विद्वानांची नाही. गुहागर तालुक्यात वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या अंजनवेलचे उदाहरण घ्यावे. हा जांभ्या कातळाचा आणि हापूसचा मुलूख आहे. कोयीतल्या सोंड्याची मादी कोवळ्या फळाच्या सालीवर अंडे घालते; अळी गरातून कोयीत शिरते; फळ वाढते तशी तिची वाट बुजून जाते. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या कोयीत सुमारे आठ मिलिमीटर लांबीचा करडा-तपकिरी भुंगेरा बसलेला असतो. गर बहुधा खराब होत नाही; खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वर्षातून त्याची एकच पिढी होते आणि उरलेला काळ तो झाडाच्या सालीच्या फटींत काढतो. गरात वाढणारा सोंड्या ही याहून निराळी जाती आहे आणि तिचा उपद्रव प्रत्यक्ष खाण्याच्या भागाला होतो. ‘आंब्यातला किडा’ या एका शब्दप्रयोगात दोन्ही जाती बुडून जातात.

हा भेद बाजारापर्यंत जातो. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार २००७ मध्ये उघडले, ते फळांवर किमान ४०० ग्रे इतकी किरणप्रक्रिया करण्याच्या अटीवर. या अटीमागे जे कीटक होते, त्यांत कोयीतला सोंड्या प्रमुख होता. म्हणजे १७७५ मध्ये लॅटिनमध्ये लिहिले गेलेले एक लक्षण आज कोकणातील पेटीच्या प्रवासाशी जोडलेले आहे. ज्याच्या फळाचा निवाडा त्या लक्षणावर होतो, त्याच्या भाषेत मात्र ते लक्षण नाही. तेथे उपद्रवाचे वर्णन आहे, फवारणीचे मार्गदर्शन आहे. हा तोच कीटक कशावरून, याचे उत्तर देणारे वाक्य दुर्मीळ आहे.

मराठीत परिभाषा नाही म्हणून असे लक्षण लिहिता येत नाही, हा आक्षेप नेहमी पुढे केला जातो. त्याचे उत्तर उदाहरणानेच द्यावे. धान्यातील तीन सोंड्यांची ओळखतालिका मराठीत अशी होईल :

१. डोक्यामागील कवचावरचे खळगे लांबट; कठीण पंखांवर तांबूस डाग नाहीत; उडण्याचे पंख नाहीत : सायटोफिलस ग्रॅनेरियस.
— डोक्यामागील कवचावरचे खळगे वाटोळे. कठीण पंखांवर चार तांबूस डाग. उडण्याचे पंख आहेत : पाहा २.

२. नराच्या जननेंद्रियाची वरची बाजू गुळगुळीत : सायटोफिलस ओरायझी.
— नराच्या जननेंद्रियाच्या वरच्या बाजूस दोन लांब खोबणी : सायटोफिलस झीमेस.

या तालिकेत एकही नवा शब्द घडवावा लागलेला नाही. खळगा, खोबण, कवच, डाग हे शब्द सुताराच्या, शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या बोलण्यातले आहेत. जेथे पारिभाषिक शब्द अपरिहार्य आहे तेथे ‘शृंगिका’सारखा रूढ झालेला शब्द घ्यावा, तो अवयवार्थाने ‘लहान शिंग’ असला तरी आता कोणी शिंगे शोधीत नाही. अडचण परिभाषेची नसून गद्यशैलीची आहे. ‘हा कीटक तपकिरी असून उपद्रवी आहे’ अशा विधानांकडून ‘हा त्याच्यापासून अमुक एका गुणाने वेगळा आहे’ अशा विधानांकडे मराठी शास्त्रीय गद्याने वळले पाहिजे.

६

उपर्युक्त विवेचनाचा निष्कर्ष असा, की जातिवर्णनाचे मोल त्याच्या विस्तारावर किंवा संक्षेपावर ठरत नाही. शेजाऱ्यापासूनचा भेद त्यात उघड केला आहे की नाही, यावर ठरते. फॅब्रिशियसचा संक्षेप त्याच्या काळी निर्दोष होता, मार्शलचा विस्तार त्याच्या तालिकांमुळे सार्थ झाला, आणि रीडेलच्या वेगाला भेददर्शक वाक्याची जोड मिळाली तर तो अधिक फलदायी होईल.

भारतात कोणतीही नवी जाती आढळल्यास तिचे नमुने नियुक्त भांडारात ठेवावे लागतात, अशी तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. नमुना देशात राहील, याची व्यवस्था त्यामुळे झाली. लक्षण देशभाषेत यावे यासाठी कायद्याची गरज नाही. संहितेची शिफारस पुरेशी आहे. सह्याद्रीतील सोंड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने आपल्या निबंधात पाच-सहा ओळींचे मराठी लक्षण जोडावे आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते तपासून देण्याची जबाबदारी घ्यावी. कोय फोडणारा हात अंजनवेलचा आहे. आत बसलेला भुंगेरा नेहमीचा आहे की नवा, हे प्रथम त्याच्याच दृष्टीस पडणार आहे. त्या दृष्टीला कोठे पाहावे हे सांगणारे वाक्य मराठीत असणे, हे शास्त्राच्याही हिताचे आहे.